पडद्याआडची भाकरी

नातीनं दोनशे पानी वही आणून माझ्यापुढं टाकली आणि म्हणाली, "आबा, ह्यात लिहा. कोल्हापुरात कुठं काय खायचं ते. माझ्या ऑफिसातली सात जणं येत्यात पुण्यासनं."

"फोनमध्ये असतंय की सगळं," मी म्हणालो.

"फोनमध्ये सगळ्याच हाटेलांना साडेचार चांदण्या हायत. तुमी खरं सांगा."

पुण्यात राहून ती आता 'मी येते, मी जाते' बोलते. पण आमच्या घराचा उंबरा ओलांडला की परत 'मी आलो, मी गेलो' सुरू. तिची आजी तसंच बोलायची. गावाकडच्या आमच्या बायका तशाच बोलतात, त्यात काही कमीपणा नाही.

मी सातवी नापास माणूस. आजवरचं माझं सगळ्यात मोठं लिखाण म्हणजे आरटीओचा फॉर्म, आणि तोसुद्धा एजंटानं भरला, मी नुसती सही केली. तरी वही घेतली. घरात बसून दुसरं करायचं काय? बायको जाऊन वर्ष होत आलं. सून चांगली आहे, वेळेला ताट देते. पण ताटापुढं बसलं की समोर भिंत असते. पूर्वी समोर माणूस असायचं, आणि ते माणूस बोलायचं. भाजीत मीठ कमी आहे म्हणून ओरडायचं, आणि भाजी स्वतःच केलेली असायची.

तर यादी.

चाळीस वर्षांच्या वर मी रिक्षा चालवली. स्टेशनाबाहेरच्या स्टँडवर माझा नंबर लागायचा. पावणा गाडीतनं उतरला, बॅग शिटावर ठेवली, की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "अंबाबाईच्या देवळात चला." आणि दुसरं वाक्य बिंदू चौक यायच्या आत, "इथं चांगलं जेवण कुठं मिळतं हो?" माणूस बघून सांगायला लागतं. जोतिबावरनं गुलालात न्हाऊन उतरलेल्याला आधी उसाचा रस पाजायचा, मग जेवणाचं बोलायचं. नवं लग्न झालेलं जोडपं असलं की सरळ रंकाळ्यावर भेळ खायला न्यायचं. त्यांना कसलंही खायला घाला, चव कळत नाही. म्हातारं माणूस बरोबर असलं तर पांढरा रस्सा जिथं पातळ आणि गरम मिळतो तिथं. आणि मुंबईचा कोण "जास्त तिखट नको हं" म्हणाला, तर मी मागं वळून म्हणायचो, "मग पावणं, उतरलासा कशाला? ह्याच गाडीनं परत जावा की."

हसायचे लोक. राग कुणी धरला नाही.

हाटेलांची नावं मी ह्या वहीत लिहिणार नाही. नातीला तोंडी सांगीन. कारण असं की कोल्हापुरात मिसळीवरनं सख्खे भाऊ बोलायचे थांबलेले मी बघितलेत. एकाचं नाव लिहिलं की उद्या दुसरा दारात येऊन उभा, "आमच्या कटात काय माती हाय व्हय?" कट म्हणजे मिसळीवर ओततात तो लाल झणझणीत रस्सा, हे पुणेकरांसाठी लिहिलं.

पण नाव नाही लिहिलं तरी खूण लिहिता येते. आणि लिहायला बसलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझ्या सगळ्या खुणा हाटेलांच्या बाहेरच्या आहेत. आतलं मला काही म्हाईतच नाही. टेबलं कसली, पंखे किती, भिंतीला रंग कुठला, काही नाही. मला म्हाईत आहे ते असं:

सुक्या मटणाची खानावळ: समोर शाळेची भिंत आहे, दुपारी एकनंतर तिची सावली पडते, रिक्षा त्या सावलीत लावायची. बटाटेवड्याची गाडी: मिरजकर तिकटीच्या अलीकडं, डाव्या हाताला बंद दुकानाची फळी, तिथं लावायची, पोलीस काही बोलत नाही. कॉकटेल: नावाला दचकू नका, फळं आणि आइस्क्रीम असतं मोठ्या गिलासात, तिथं पावसाचं पाणी साचतं म्हणून चढाकडं तोंड करून लावायची. मिसळ: कडुलिंबाखाली.

कारण माझी बायको हाटेलात जायची नाही. ती रिक्षातच जेवायची.

कुणाला खोटं वाटेल. एकोणपन्नास वर्षांचा संसार, आणि एवढ्या वर्षांत माझी बायको एकदाच हाटेलची पायरी चढली. लग्नाच्या हॉलमध्ये जेवली, देवळाच्या प्रसादाला पंगतीत बसली, मुलाच्या साहेबाच्या बंगल्यावर चमच्यानं खाल्लं. पण हाटेलात नाही. मग मी डबा घेऊन दाराशी जायचो, भरून आणायचो, रिक्षाचे दोन्हीकडचे रेक्झिनचे पडदे खाली सोडायचो. ती मागच्या शिटावर मांडी घालून बसायची, मी पुढच्या शिटावर उलटं तोंड करून. मधल्या दांड्यावर पालथं ताट ठेवून त्यावर दोन वाट्या. तांबड्याची माझी, पांढऱ्याची तिची. निम्मं झालं की वाट्या बदलायच्या. बाहेरनं जाणाऱ्याला वाटायचं, रिक्षावाला झोपलाय.

हे दर बुधवारी दुपारी. त्याला ती हिंडणं म्हणायची नाही, काम म्हणायची. झालेलं असं की सुरुवातीला एका पावण्यांच्या कुटुंबाला मी एका खानावळीत पाठवलं. तिथला आचारी बदललेला मला म्हाईत नव्हता. दुसऱ्या दिवशी पावण्यानं स्टँडवर येऊन चारचौघांत माझी उतरवली. घरी येऊन मी ते सांगितलं, तर ती चुलीपुढनं म्हणाली, "बरं केलं त्येनी. जे सवता ह्या साली खाल्लं न्हाई, ते दुसऱ्याला खावा म्हनून कसं सांगतासा? जीभ काय भाड्याची हाय?" तेव्हापासनं नेम. वर्षाच्या आत चाखलेलं असलं तरच पावण्याला सांगायचं. आणि चाखायचं काम तिचं. मला नुसतं तिखट आणि कमी तिखट एवढंच कळायचं. तिला सगळं कळायचं. एक घास घ्यायची आणि डोळे मिटून सांगायची, "खोबरं जुनं हाय." "ह्येनं खसखशीत हात आखडलाय." "ह्या साली मिरची बदललीया, रंग आलाय पर वास न्हाई." मी दुसऱ्या दिवशी स्टँडवर तेच माझं म्हणून सांगायचो. स्टँडवर मला लोक जाणकार म्हणायचे. जाणकार पडद्याआड बसून वाटी चाटत असायची.

गंगावेशीत संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध गिलासात देतात. त्याला दूध कट्टा म्हणतात. पैलवान आणि शौकीन उभ्यानं पितात. तिथं कुठली पायरी नाही, दार नाही. तिला मी म्हणालो, "हितं तर उतर." उतरली नाही. पडद्याच्या फटीतनं म्हशीकडं बघितलं आणि म्हणाली, "तिसऱ्या नंबरच्या म्हशीचं आणा. पयल्या दोघींना पेंड घालत न्हाईत वाटतं, अंगावर तुकतुकी न्हाई." मी तिसऱ्या म्हशीचं मागितलं तर गवळी बघतच राहिला. "कोन हाय रं आत?" म्हणाला. मी म्हणालो, "मालकीन हाय." तिला आतनं हसू फुटलेलं मला ऐकू आलं.

तिचं माहेर कुरुंदवाडच्या पलीकडं, नदीकाठचं. घरात चार म्हशी, बोलणं निम्मं कानडी. आईला ती अव्वा म्हणायची. लग्नाआधी तिनं बघितलेलं सगळ्यात मोठं गाव म्हणजे जयसिंगपूर, तेसुद्धा बाजारापुरतं. लग्न होऊन महिना झाला असेल, मी म्हणालो, "चल, तुला मिसळ खायला घालतो." मला मिरवायचं होतं. नवी रिक्षा, नवी बायको.

त्या हाटेलला तीन पायऱ्या होत्या. त्या काळी बाईमाणूस हाटेलात उघड्यावर बसत नव्हतं. मागच्या अंगाला लाकडी फळ्या ठोकून चार खोपटी केलेली असायची, पुढं एक मळका पडदा, वर पाटी 'फॅमिली रूम'. तिला मी तिथं आत बसवलं. वेटरनं मिसळ आणि पाव आणून ठेवले. मी हात धुवायला बाहेर मोरीवर गेलो.

आता पावाचं असं होतं की तिच्या माहेराकडं सगळ्यांची पक्की समजूत, बेकरीत पावाचं पीठ पायानं तुडवतात. तिनं जन्मात पाव तोंडाला लावला नव्हता. मी मिसळ खायला नेणार म्हटल्यावर तिनं पहाटे उठून जोंधळ्याच्या दोन भाकरी केल्या होत्या आणि फडक्यात बांधून पिशवीत घातल्या होत्या. एक तिची, एक माझी. मला सांगितलं नव्हतं. तिच्या हिशेबानं त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. बाहेर निघालं की माणूस भाकरी बांधून घेतंच.

वेटर कट वाढायला गेला, पडदा बाजूला केला आणि त्यानं ते फडकं बघितलं. चांगला बाप्या गडी, पण तोंड भोंग्यासारखं. तिथनंच ओरडला, "मालक! फ्यामिलीत भाकरी आलीया! चूल बी मागनं येतीया का इचारू?"

सगळं हाटेल हसलं. दोन टेबलांवर आमच्याच स्टँडवरचे गडी बसलेले. त्यातला एक मला मोरीवर बघून म्हणाला, "काय नवरदेव! वैनींनी ताकासाठी म्हस पन आणली आसंल की! कुठं बांधली, कडुलिंबाला?"

मी हसलो.

नुसता हसलो असतो तर एक वेळ गोष्ट वेगळी. हात झटकत मी वर बोललो, "खेड्यातली हाय. शिकंल हळूहळू."

आत गेलो तर तिनं भाकरी परत फडक्यात गुंडाळून मांडीखाली घेतल्या होत्या. मिसळीला हात लावला नव्हता. "पोट भरलंय," म्हणाली. मी माझी मिसळ खाल्ली. पावाबरोबर. हेही लिहून ठेवतो, कारण लिहायचंच तर सगळं लिहावं. बाहेर येऊन तीन पायऱ्या उतरल्या आणि ती वळून म्हणाली, "असल्या पायऱ्या मी परत चढत नसतो."

मला वाटलं, राग वेटरवर आहे. म्हणून घरापर्यंत रिक्षा चालवत मी त्या वेटरला शिव्या घातल्या. त्याच्या आईपासनं खालपर्यंत सगळं काढलं. तिला बरं वाटावं म्हणून. ती मागं पिशवी मांडीवर धरून बसली होती. मला वाटलं, वाटतंय बरं.

पंधरा दिवसांनी मी त्याच हाटेलातनं मिसळ डब्यात भरून आणली आणि रिक्षा कडुलिंबाखाली लावली. मला वाटलं, फेकून देईल. तिनं डबा उघडला, वास घेतला, पिशवीतनं भाकरी काढली. म्हणाली, "मिसळीचा काय गुन्हा?" आणि खाल्ली. चांगली दोन वेळा कट मागून खाल्ली. पुढं तीच आमच्या यादीत पहिली आली. पण तिचा शब्द तिनं पाळला, आणि शरमेनं मीही कुठल्या हाटेलात आत बसून कधी खाल्लं नाही. डबा भरून घ्यायला जायचं ते दाराशी उभं राहायचं. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं परत कधी बोललो नाही. मला वाटलं, ती विसरली.

गेल्या वर्षी ती दवाखान्यात होती. दुपारची वेळ. पेज दोन चमचे घेतली आणि म्हणाली, "मिसळ खावी वाटतीया."

"बरी हो. डबा घेऊन जातो आन आणतो," मी म्हणालो.

तिनं नजर पंख्याकडं वळवली. मग अगदी साध्या आवाजात, जसं खोबरं जुनं आहे सांगायची तसं म्हणाली, "त्या दिवशी तुमी पन हसलासा."

मी म्हणालो, "कुठल्या दिवशी?"

मला कळलं होतं कुठल्या दिवशी. तरी विचारलं.

ती म्हणाली, "फळीच्या आतनं मला सगळं ऐकू येत हुतं की. सगळ्यांचं हसू एकात एक मिसळल्यालं. तुमचं तेवढं येगळं कळलं. महिन्याभरात वळखायला लागलोतो मी तुमचं हसू." आणि पुढं, "शिकंल हळूहळू म्हनलासा."

तेवढ्यात सलाईन बदलायला नर्स आली. मी बायकोला म्हणालो, "पड आता. बोलू नगंस." नर्स गेल्यावर ती झोपली होती. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले भेटायला, खोली भरलेली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

'चुकलो' म्हणायला किती वेळ लागतो? नर्सच्या समोरसुद्धा म्हणता आलं असतं. एकोणपन्नास वर्षं ती माझ्यासमोर बसून भाकरी खात होती, तेव्हाही म्हणता आलं असतं. मी तोंडाचा फटकळ, सगळ्या स्टँडला म्हाईत. पोलिसाला बोललो, आमदाराच्या माणसाला बोललो. हे एक बोललो नाही.

असो. यादीवर येतो.

नेमाप्रमाणं, वर्षाच्या आत चाखल्याशिवाय लिहायचं नाही. ती गेल्यापासनं मी घराबाहेर काही खाल्लं नव्हतं. म्हणून नात मला तिच्या स्कूटरवर मागं बसवून हिंडवायला लागली. चार दिवसांत सगळं झालं, पार्सल आणून बाहेरच खाल्लं. सुकं मटण चांगलं आहे. कॉकटेलमध्ये आता जेली घालतात, ती काढून टाका. दूध कट्ट्यावर म्हशी कमी झाल्या, पण धार अजून समोर काढतात; गिलास हातात घेतला की फेस आधी प्या. हे सगळं मी वहीत उतरवलं. नातीनं वाचून बघितलं आणि म्हणाली, "आबा, मिसळ कुठाय?"

"न्हाई लिवली."

"कोल्हापूरची यादी, आन मिसळ न्हाई? मला गावात घ्यायचे न्हाईत, आबा!"

"ह्या साली चाखली न्हाई. न चाखता लिहायचं न्हाई."

"मग उद्या सकाळी चला की चाखायला. त्यात काय?"

तिला काय सांगू त्यात काय.

पहाटे उठलो. सुनेला म्हणालो, "दोन भाकरी टाक. जोंधळ्याच्या. फडक्यात बांध." ती म्हणाली, "मिसळ खायला निघालाय का रानात भांगलायला?" पण दिल्या करून.

कडुलिंब आहे अजून. खालच्या फांद्या तोडल्यात, वायरी जातात म्हणून. तीन पायऱ्यांना आता फरशी बसवलीय आणि बाजूला स्टीलचा दांडा. नातीला वाटलं, माझा गुडघा धरलाय. "मी पार्सल आणतो, हितंच कट्ट्यावर बसू आपण," म्हणाली. आजीचीच तऱ्हा तिला न सांगता आलेली. मी म्हणालो, "न्हाई. आत बसायचं." दांडा धरला आणि चढलो. तीन पायऱ्यांना एवढा वेळ लागतो हे मला म्हाईत नव्हतं.

आत गर्दी. टेबलाटेबलाला पोरी, बायका, कुणी एकट्या बसून मोबाइल बघत खात होत्या. फळ्यांची खोपटी नाहीत, पडदा नाही. त्या जागी हात धुवायची चार बेसिनं आहेत. आम्हाला मधलं टेबल मिळालं. वेटर आला, पुसायचं फडकं खांद्यावर, आणि सगळ्यांना विचारतात तसं मोठ्यानं विचारलं, "पाव का भाकरी?"

मला वाटलं, मला ऐकू नीट आलं नाही. नात म्हणाली, "आबा, पाव का भाकरी विचारतोय." मी इकडंतिकडं बघितलं. कुणी मान वर केली नाही. पलीकडच्या टेबलावर एक पोरगी मिसळीत भाकरी कुस्करून खात होती आणि दुसरी तिचा फोटो काढत होती. समोर भिंतीवर पाटी, 'जोंधळ्याची गरम भाकरी मिळेल'. तिच्याखाली दुसरी, 'बाहेरील पदार्थ आणू नयेत'.

मी पिशवीतनं फडकं काढून टेबलावर ठेवलं.

"न्हाई बाबा, बाहेरची भाकरी चालत न्हाई," वेटर म्हणाला. "हितंच मिळती की गरम. पाटी हाय बगा."

"कवापासनं मिळती?"

"लई वर्सं झाली. लोक मागून खात्यात. पुन्यामुंबैचं पावणं तर भाकरीच मागत्यात."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "पन्नास वर्सांमागं हितं एका बाईनं फडक्यातनं भाकरी काढली, तर समदं हाटेल हसलं तिला. आन आता ताटात लावून इकताय व्हय रं?"

आवाज चढला असणार, कारण गल्ल्यावरनं मालक उठून आला. चाळिशीचा असेल. त्या वेळच्या मालकाचा नातू, नाक तेच. "काय झालं, आबा?" वेटरनं सांगितलं. मालक जरा गोंधळला, मग म्हणाला, "आबा, मी तवा जन्माला बी आलो न्हवतो की. कोन हसलं हुतं? आमचा आजा?"

"तुझा आजा गल्ल्यावर हुता. त्येचं मी बघितलं न्हाई."

"मग?"

"वेटर हसला. गिऱ्हाइकं हसली."

"आता ती कुठली सापडायची, सांगा बघू? कोन हाय का त्यातलं?"

"हाय," मी म्हणालो. "मी हाय. मी हसलो हुतो."

पलीकडच्या पोरींचे चमचे थांबले. नात माझ्याकडं बघत होती. "आजीला?" तिनं हळू विचारलं.

"व्हय. तिला. आन चुकलो म्हनून सांगायचं ऱ्हायलं."

भर हाटेलात, मोठ्यानं. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकलं. जिला ऐकायला पाहिजे होतं ती नव्हती. त्याचं आता मी काही करू शकत नाही.

 नातीनं फडक्याची गाठ सोडली, भाकरी मोडली, निम्मी माझ्या ताटात ठेवली, निम्मी स्वतःकडं घेतली. वेटर मालकाच्या तोंडाकडं बघायला लागला, पाटीचं काय म्हणून. मालक म्हणाला, "बघतोस काय? कट आण. भाकरीला कट जास्त लागतो."

खाल्ली. मटकी चांगली शिजलेली, फरसाण ताजं. दुसऱ्या घासाला मी मालकाला हाक मारली. "ह्या साली मिरची बदललीसा. रंग हाय, वास न्हाई."

मालक कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बदलली, आबा. नेहमीची मिळाली न्हाई. एकालाबी कळलं न्हाई आजवर. तुमी कसं वळखलं?"

"मी न्हाई वळखलं," मी म्हणालो आणि खाली बघून खायला लागलो.

तर नातीच्या मित्रमंडळींनो, मिसळ. कडुलिंबाजवळची, तीन पायऱ्यांची. सकाळी या, अकरानंतर कट पातळ होतो. मिरची ह्या साली जरा कमी आहे, तरी खाण्यासारखी. पाव का भाकरी विचारतील, तुम्हाला पाहिजे ते सांगा. दोन्ही चांगलं आहे, आणि पाव कुणी पायानं तुडवत नाही. बरोबरच्या माणसानं पिशवीतनं काही काढलं आणि लोक हसायला लागले, तर आधी आत जाऊन त्या माणसाशेजारी बसा. हात नंतर धुवा.

नातीनं हे वाचलं आणि म्हणाली, "आबा, शेवटचं त्यांना कळणार न्हाई. काढू का?"

मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे. काढू नगंस."